मालेगावचा मुन्ना मिस्त्री

डिझेलच्या टाकीचं झाकण मी पंपावर विसरून आलो. झाकण काढलं, मडगार्डवर ठेवलं, डिझेल भरणाऱ्या माणसाला एक किस्सा सांगितला. तो हसला. तो हसला म्हणून मी खूश झालो, आणि त्याच खुशीत ट्रक काढून निघून गेलो. झाकण कुठं पडलं, देव जाणे.

आता यात न सांगण्यासारखं काय आहे? — काही नाही. माझी फजिती हा तर आमच्या घराण्याचा सार्वजनिक ठेवा आहे. मेव्हण्याचा म्हणून भलत्याच माणसाच्या साखरपुड्यात मी दोन पंगती वाढल्या होत्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. स्वतःच्या लग्नाच्या मांडवाचा खांब मी रिव्हर्स घेताना पाडला, हेही. लग्नकार्यात जेवणं झाली की कुणीतरी म्हणतंच, "भास्करकाका, सांगा ना काहीतरी." आणि मी सांगतो. स्वतःवर हसून घेणाऱ्या माणसाला लोक प्रामाणिक समजतात. मीही स्वतःला तसाच समजत होतो.

पण हे झाकणाचं मात्र आठ वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. कारण झाकणापाशी सुरुवात केली, की पुढचं सांगावं लागतं.

तर — पुढचं.

माझा ट्रक वडिलांच्या हातचा, जुना. कांदा, टोमॅटो, द्राक्षाचे क्रेट, जे मिळेल ते वाहणारा. खंडेनवमीला आम्ही त्याची पूजा करतो, तशी सगळेच करतात. पण आमची मंगल त्याची ओटी भरते. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी तिला शहाणपण शिकवायला गेलो होतो — "अगं, ट्रकची कसली ओटी? तो ट्रक." तिनं तांदूळ निवडता निवडताच उत्तर दिलं, "ट्रक तो असेल. गाडी ती आहे. आणि आपलं पोट ती भरते." व्याकरणात मी तेव्हापासून तिच्या नादी लागत नाही. दरवर्षी बॉनेटवर नारळ, तांदूळ आणि हिरवा खण. पूजा झाली की खण घडी घालून केबिनमध्ये देवीच्या फोटोपुढं.

झाकण विसरलो तो दसऱ्यानंतरचा दिवस. ओझरपर्यंत गेलो तेव्हा डिझेलचा वास यायला लागला. उतरून बघतो तर टाकीचं तोंड आ वासलेलं, आणि डिझेल हिंदकळून बाहेर. काहीतरी कोंबायला हवं होतं. केबिनमध्ये चिंधी शोधली, सापडली नाही. सापडला तो —

हो. तोच.

हिरवा खण, जरीच्या काठाचा. त्याचा बोळा केला आणि टाकीच्या तोंडात बसवला. मनात म्हटलं, आई, पिंपळगावपर्यंत सांभाळ. पिंपळगावला पोचलो तर तोंडावर खण नाही. रस्त्यात उडाला असेल, असं मी ठरवलं. ठरवलं — हा शब्द बरोबर आहे. वाऱ्यानं उडाला की आत गेला, हे मी पाहिलं नव्हतं. मला सोयीचं काय, ते ठरवलं होतं. टाकीच्या तोंडात जी जाळी असते ती मीच मागं कधीतरी काठीनं डिझेल मोजताना तोडली होती. म्हणजे आत जायला वाट मोकळी होती. नवीन झाकण घेतलं, लावलं, विषय संपवला.

चार-पाच दिवसांनी गाडी रस्त्यात मरायला लागली.

म्हणजे कशी? — निघताना चांगली. दहा-बारा किलोमीटर एकदम तरुण. मग चढावर दम कमी, मग खोकल्यासारखे झटके, आणि मग सगळं शांत. तुम्ही बाजूला घ्या, शिव्या द्या, चहा पिऊन या. दहा मिनिटांनी इंजिनाजवळचा, डिझेल ओढायचा हातपंप मारला की पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही. उभ्या उभ्या मरणारी गाडी एकवेळ परवडते. चालता चालता मरणारी गाडी — मागं भरधाव हायवे असतो हो.

मी ती याकूबचाचांकडं नेली. दुसरीकडं कुठं नेणार? आडगाव नाक्याजवळ त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. सत्तरीला टेकलेला माणूस, अंगानं काटकुळा, पण कान असे की गाडी नाक्यावर वळली की आत बसूनच म्हणायचे, "तिसरा सिलिंडर बघून घे रे बाबा." त्यांच्याकडं लाकडी मुठीचा लांबच लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डोळे मिटायचे. डॉक्टर नळी लावतात तसं. आजूबाजूचे ड्रायव्हर तेवढा वेळ गप्प व्हायचे, तंबाखूसुद्धा मळायचे थांबायचे.

त्या दिवशी मंगल माझ्याबरोबर होती. तिथूनच आम्हाला सायखेड्याला, तिच्या माहेरी जायचं होतं. ती केबिनमध्ये बसून होती, काच खाली करून. सगळं ऐकू येत होतं तिला.

चाचांनी बराच वेळ ऐकलं. पेचकस इकडं टेकव, तिकडं टेकव. मग म्हणाले, "उपाशी आहे ही. आजारी नाय. उपाशी. पोटापर्यंत खाणं येत नाय तिच्या." आणि उठून सरळ टाकीपाशी गेले. कुठंही न चुकता. नवीन झाकणावर बोट ठेवलं.

"झाकण नवीन दिसतंय. जुनं कुठं गेलं?"

मी टायरवर लाथ मारून हवा बघितल्यासारखं केलं.

"मधे टाकी उघडी होती का? आत काही गेलं का, चिंधी, बोळा, काही?"

आता तुम्हीच सांगा — नाही, तुम्ही काही सांगू नका. मीच सांगतो. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढं तो खण आला. स्पष्ट, हिरवागार, काठासकट. वर खिडकीतून मंगल बघत होती. देवीची म्हणून भरलेली ओटी मी डिझेलच्या भोकात कोंबली, हे तिच्यादेखत कसं म्हणणार? झाकण विसरलो, तेही किस्सा सांगण्याच्या नादात — हे कसं म्हणणार? मी म्हणालो, "छे! जुन्याचा आटा गेला होता, म्हणून बदललं." एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक. पण मी पुढं विनोद केला. "चाचा, त्या टाकीत मीच पडलो असेन तरच काही असेल."

सगळे हसले. मंगल सगळ्यांत मोठ्यानं. खोटं बोलताना विनोद केला की ते लवकर पचतं, हे मला तेव्हा कळलं.

चाचा हसले नाहीत. माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "इंजिन झूठ बोलत नाय, भास्कर. ड्रायव्हर बोलतो." पण मग स्वतःच मान हलवली. "तू नाय बोलणार. तुझ्या बापाची गाडी मी केली आहे." आणि टाकीचा पाइप सोडवून त्यांनी तोंडानं आत फुंकून पाहिलं. टाकीत बुडबुड आवाज आला. "वाट तर मोकळी आहे," असं पुटपुटले. मोकळी असणारच. फुंकलं की आतला खण लांब जात होता, आणि गाडी चालायला लागली की पुन्हा ओढला जाऊन पाइपच्या तोंडावर बसत होता. हे मला आता समजतं. तेव्हा — तेव्हाही समजत होतं का? मी स्वतःला हा प्रश्न फार वेळा विचारला आहे. उत्तर दर वेळी थोडं वेगळं येतं, यावरून काय ते समजा.

त्यानंतर त्या माणसानं माझ्या एका 'छे'वर पंधरा दिवस काढले.

टाकीवरचं बोट उचललं आणि पुढच्या एकेका भागावर ठेवत गेले. डिझेल फिल्टर बदलला. कुठून हवा घेते का म्हणून प्रत्येक जोडावरचे तांब्याचे वॉशर बदलले, स्क्रू ढिला करून हातपंप मारत बसले, फेसाचा एक बुडबुडा दिसतो का ते बघत. डिझेलचा मुख्य पंप उतरवला, खोलला, पंपवाल्याकडून तपासून आणला. पंप उत्तम होता. दर वेळी गाडी गॅरेजातून निघताना झकास, आणि दर वेळी दहा-बारा किलोमीटरवर मेलेली. मी फोन करायचो, "चाचा, परत." पलीकडं हातोडीचा ठोका थांबायचा. मग, "घेऊन ये."

शेवटी ते म्हणाले, मी स्वतः बसतो. आम्ही घोटीच्या रस्त्याला निघालो. ते माझ्या शेजारी, पेचकस मांडीवर, डोळे मिटलेले. वाडीवऱ्ह्याच्या पुढं चढ लागला आणि गाडीनं खोकायला सुरुवात केली. चाचांनी डोळे उघडले नाहीत. झटके खात, खात गाडी मेली. मी बाजूला घेतली. शेजारून एसट्या, कंटेनर, सगळं अंगावरून गेल्यासारखं जात होतं.

"उपाशी," ते म्हणाले. पेचकस मांडीवरून काढून पायाशी ठेवला. मग म्हणाले, "माझे कान उपाशी म्हणतात. तू म्हणतो टाकीत काही नाय. पाइप मोकळा, पंप चांगला. म्हणजे काय? म्हणजे कान गेले, भास्कर."

हा क्षण होता. यापेक्षा सोपा क्षण देव कुणाला देत नाही. गाडीत दोघंच. मंगल नाही, ड्रायव्हर मंडळी नाहीत, हसणारं कुणी नाही. "चाचा, एक खण गेला असेल आत" — सात शब्दसुद्धा नाहीत. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "वय होतं चाचा, चालायचंच."

दोन दिवसांनी सासरवाडीला, सायखेड्याला, टाकी जवळजवळ रिकामी झालेली असताना मी वाकवलेली तार घेऊन बसलो. गोदाकाठी गाडी लावली होती. लोकांना सांगितलं, टाकी साफ करतोय. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेलाच तारेला जड काहीतरी लागलं. खण बाहेर आला. रंग काळवंडलेला, पण जरीचा काठ शाबूत. मी तो पिळला आणि गंगेत सोडून दिला — गोदेला आमच्याकडं गंगाच म्हणतात. पाण्यावर डिझेलचा तवंग पसरला — मोरपिसासारखा, काय सुंदर दिसत होता! महिनाभरानं मंगलनं विचारलं, ओटीचा खण कुठं आहे हो? मी म्हणालो, गंगेत सोडला. तिला केवढं कौतुक वाटलं माझं. शब्द न शब्द खरा होता.

गाडी त्या दिवसापासून आजतागायत एकदाही रस्त्यात मेलेली नाही.

इथं थांबलो असतो तर हे नुसतं भित्रेपण झालं असतं. पण चाचा नाक्यावर भेटले. लांबूनच गाडीचा आवाज ऐकून उभे राहिले होते. चेहरा उजळलेला — खरंच, लहान मुलासारखा. "पोट भरलं तिचं! काय होतं? कोणी काढलं?"

मला उत्तर सुचलं नाही, म्हणून माणूस सुचला. "मालेगावला एकाला दाखवली. मुन्ना मिस्त्री. दहा मिनिटांत काढलं त्यानं."

"काय होतं पण?"

"मला काय कळतंय त्यातलं? पंपातच काहीतरी होतं म्हणाला."

पंपात. जो पंप त्यांनी स्वतःच्या हातानं खोलून, पुसून, तपासून बसवला होता. टाकीवर बोट ठेवणारे कान मी आधी खोटे पाडले होते. आता हातही पाडले. ते थोडा वेळ स्वतःच्या बोटांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "दहा मिनिटांत?" मी मान डोलावली. दहा मिनिटं तरी कशाला म्हणालो मी? अर्धा दिवस म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं?

पुढच्या आठवड्यात याकूबचाचा एसटीत बसून मालेगावला गेले.

मला हे नंतर कळलं, त्यांच्याच तोंडून. नाक्यावर चहा पिताना हसत हसत सांगत होते. "सात मुन्ना भेटले रे मला. एक सायकलवाला, एक रिक्षावाला, दोन लूमवाले, एक तर चहाच विकत होता. डिझेलवाला मुन्ना काय सापडला नाय. दिवसभर हायवेच्या दोन्ही बाजू पायी फिरलो. गाव लय मोठं आहे."

"कशाला गेलात एवढ्या लांब?" मी विचारलं. तोंड बघा माझं — मी विचारलं!

"शिकायला," ते म्हणाले. "माणसाला कळायला पाहिजे ना, आपलं कुठं चुकलं ते. चुकण्याचं काय नाय. कळायला पाहिजे."

त्यानंतर ते अजून दोनदा गेले.

हळूहळू गॅरेजवर गाड्या कमी झाल्या. लोकांनी त्यांना सोडलं असं नाही. त्यांनीच लोकांना परत पाठवायला सुरुवात केली. कुणी अवघड दुखणं घेऊन आलं की म्हणायचे, "माझ्या कानावर जाऊ नका. मालेगावला मुन्ना म्हणून एक आहे, सापडला तर त्याला दाखवा." एक ड्रायव्हर मला म्हणाला, त्यांचं निदान बरोबर असायचं हो, पण ते स्वतःच मानायचे नाहीत. दोन वर्षांत शटर लागलं. मुलगा तिथं आता मोबाइलची कव्हरं विकतो. चाचा बाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि जाणाऱ्या गाड्यांकडं बघायचे. बघायचे. ऐकायचं सोडून दिलं होतं त्यांनी.

आणि मी? — मी त्याचा किस्सा केला.

हे खरं तर सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं. सगळ्यांत शेवटी सांगतोय, यावरून मी अजून किती सरळ झालोय ते दिसतंच. लग्नात, बारशाला, दिवाळीला जेवणं झाली की मी याकूब मिस्त्रीचा किस्सा सांगायचो. उलथनं उलटं धरून त्याची मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, "उपाशी आहे ही" म्हणायचं. मग फिल्टर, मग वॉशर, मग पंप — प्रत्येक वेळी उलथनं नव्या ठिकाणी. कधी पातेल्यावर, कधी मेव्हण्याच्या पोटावर. आणि शेवटी मालेगावचा मुन्ना, ज्यानं दहा मिनिटांत... लोक लोळायचे हसून. आठ वर्षांत मुन्ना मिस्त्रीला मी मिशा दिल्या, विडी दिली, एक बारीक डोळा दिला. नसलेल्या माणसाला मी असा वाढवत होतो, आणि असलेल्या माणसाला — असो. 'असो' म्हणायचा हक्कही मला नाही.

चाचा या माघात गेले. मी गेलो होतो. खांदा दिला. इतर जण देत होते, म्हणून मीही दिला. काही दिवसांनी त्यांच्या मुलानं गाडी ओळखून रस्त्यातच हात करून मला थांबवलं. कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. तो पेचकस होता. लाकडी मूठ एका बाजूनं झिजून कानाच्या आकाराची झालेली.

"अब्बा सांगून गेले," तो म्हणाला. "मालेगावचा तो मुन्ना मिस्त्री तुमच्या ओळखीचा आहे ना? कधी भेटला तर त्याला द्या म्हणाले. त्याच्या कामाला येईल."

मी घेतला. घेतला, आणि "देतो" म्हणालो.

तो आता आमच्या लोखंडी कपाटात आहे, मंगलच्या साड्यांच्या खाली. ज्याला द्यायचा तो माणूस नाही, आणि ज्याचा होता तोही नाही. मधल्या मधे माझ्याकडं राहिला आहे. एकदा दुपारी घरात कुणी नसताना मी तो चालू इंजिनावर टेकवला आणि मूठ कानाला लावली. मला काहीच कळलं नाही. नुसता आवाज.

इतकं लिहिलं आणि काल मंगलला समोर बसवून वाचून दाखवलं. अगदी खणासकट. मला वाटलं होतं, खणावरून बोलेल, देवीवरून बोलेल. वाचून झाल्यावर ती उठली, कपाट उघडून तो पेचकस बघून आली, आणि परत माझ्यासमोर बसून म्हणाली,

"दर वेळी ते उलथनं स्वयंपाकघरातून मीच आणून द्यायचे ना हो तुम्हाला."